साहेबांच्या वाट्याला एक किल्ली

माझं नाव, वय आणि पत्ता वकीलबाईंनी पहिल्या पानावर टाइप केलं आहे, ते इथे पुन्हा लिहीत बसत नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यात मला सगळे पक्कडकाका म्हणतात, म्हणजे म्हणायचे. हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या मर्जीने, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहीत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. बायको समोर भाजी निवडत बसली आहे आणि अधूनमधून कागदात डोकावते आहे, याला दबाव म्हणायचं की नाही ते कोर्टाने ठरवावं. परवा सकाळी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर सावकाश करू म्हणत होते, पण नोकरी गेल्यामुळे कंपनीकडून मिळणारा उपचारखर्च महिनाअखेरीला बंद होतो, तेव्हा हृदयालाही घाई करणं भाग आहे. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कुणी सांगितलं तर तो थापा मारतो आहे असं समजावं.

१. राहतं घर, घरातलं सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या पश्चात बायकोची आणि तिच्यानंतर आमच्या एकुलत्या एका मुलीची. शिल्लक बायकोने हौसेने खर्च करावी, मुलीसाठी पोटाला चिमटा काढू नये. माझे कारखान्याचे कपडे जाळून टाकावेत. तिने जन्मभर त्यांचा वास सोसला, आता पुरे.

२. माझी हत्यारांची पेटी मुलीला. पेटी अजून कारखान्यात, पंपाशेजारी पडलेली आहे. त्या दिवशी मी पंप खोलून बसलो होतो, कोपरापर्यंत तेल. मुकादम आला, म्हणाला, "काका, आहे तसं टाका. सगळ्यांना सभागृहात बोलावलंय." सभागृहात मोठे साहेब होते, पण पडद्यावर. त्यांच्यामागे खिडकीतून समुद्र दिसत होता. ते म्हणाले, आपण सगळे एक कुटुंब आहोत आणि कुटुंबात कधीकधी कठोर निर्णय घ्यावे लागतात. मग पाकिटं वाटली. रखवालदाराने मला तिथून थेट फाटकाबाहेर नेलं, हातसुद्धा धुऊ दिले नाहीत. पेटीचं विचारलं तर इतकी वर्षं माझ्याबरोबर चहा पिणारा तो माणूस जमिनीकडे बघत म्हणाला, "मला नका ना विचारू, काका." त्याच्यावर माझा राग नाही. त्यालाही पोरंबाळं आहेत.

३. मेहुण्यांना माझी काळी छत्री. ते त्याच कारखान्यात कर्मचारी विभागात आहेत आणि कुणाला काढायचं ती यादी त्यांनी केली. आदल्या रविवारी ते आमच्याकडे दोनदा वाढून घेऊन जेवले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. छत्रीची एक काडी मोडलेली आहे, ती तशीच द्यावी. (बायको म्हणते, "अहो, माझ्या भावाला कशाला ओढताय यात?" मी म्हटलं, त्याने मला कशात ओढलं ते बघ. कलम कायम.)

४. आता मुद्द्याचं. माझ्या खिशात एक किल्ली आहे आणि हे मृत्युपत्र मुख्यतः तिच्यासाठी आहे.

आमच्याकडे नियम असा की यंत्र उघडणारा माणूस आधी झडप बंद करतो, तिच्यावरच्या भोकं पाडलेल्या पट्टीला (एका भोकात एका माणसाचं कुलूप) स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो. आत माणसाचा हात असताना बाहेरून कुणी यंत्र सुरू करू नये, म्हणून ते कुलूप दुसऱ्या कुणीही काढायचं नाही. कापायचंच झालं तर मोठ्या साहेबांनी स्वतः पंपापाशी येऊन पाहायचं आणि सगळं ठीक आहे असं सहीनिशी लिहून द्यायचं. मला बाहेर काढलं तेव्हा माझं कुलूप तिथे होतं. अजून आहे.

पंपाचं सील, म्हणजे उकळतं तेल आत अडवून धरणारी कडी, चिरलेलं आहे. नवीन मागवायला बजेट नव्हतं. त्याच महिन्यात साहेबलोकांच्या मजल्यासाठी वेगळी लिफ्ट बसली. माझ्यानंतर ठेकेदाराच्या माणसांनी तेच चिरलेलं सील घालून पंप पुन्हा जोडून ठेवला. तो सुरू झाल्याशिवाय भट्टी पेटत नाही, म्हणून सगळे कुलपाकडे डोळे लावून आहेत. साहेब काही सही करत नाहीत. सही केली आणि उद्या आग लागली तर नाव येतं. त्यापेक्षा म्हाताऱ्याने किल्ली दिली तर कुणाचंच नाव नको. पंप सुरू होताना त्याच्याशेजारी उभं राहायचं काम माझ्या मुलीचं आहे. तिची नोकरी अजून आहे आणि मला तीच काळजी खाते.

परवा ती म्हणाली, "बाबा, किल्लीचं रोज विचारतात. काल तर म्हणाले, पुढच्या यादीत तुझं नाव नको असेल तर वडिलांना समजाव."

"मग समजाव," मी म्हटलं.

"काय समजावू? मला तरी तो पंप चालू व्हायला हवाय का?"

मी ऑपरेशनमध्ये गेलो तर कुलूप बेवारस होईल आणि बेवारस कुलूप मुकादमसुद्धा कापू शकतो. म्हणून त्याला वारस हवा. वकीलबाईंनी विचारलं, कुलूप तुमच्या पैशांचं आहे का? आहे. मग देता येतं, म्हणाल्या. मुलीला देणार नाही, तिच्या गळ्यात धोंडा नको.

सबब मी हे कुलूप आणि किल्ली मोठ्या साहेबांना देत आहे. आपण एक कुटुंब आहोत असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. माझा त्यावर विश्वास बसला आहे, आणि कुटुंबातल्या माणसाला वाटणीतून वगळणं मला शोभत नाही. अट एकच. त्यांनी स्वतः यावं, पडद्यावर नाही. कुलूप स्वतःच्या हाताने काढावं, माझं हेल्मेट घालावं आणि पंप सुरू होताना माझी मुलगी उभी राहते त्या जागी उभं राहावं. ती तोवर फाटकाबाहेर असेल.

५. वरचं लिहून झालं आणि मुलगी पाळी संपवून घरी आली. तिला कागद दाखवला. उभ्याउभ्याच वाचलं.

"ते येणार नाहीत, बाबा."

"मग पंप बंद राहील."

"बंदच आहे. मी आज माझं कुलूप लावून आले."

"कुठे?"

"तुमच्या कुलपाशेजारी. त्या पट्टीला सहा भोकं आहेत ना." तिने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

बायकोच्या हातातली भाजी तशीच राहिली. मी म्हटलं, नोकरी जाईल. ती म्हणाली, जाईल. मला रडू आलं, ते लपवलं नाही. मला भीती वाटते आहे आणि ती परवाच्या ऑपरेशनची नाही.

म्हणून कलम १ बदलतो. घर आणि शिल्लक माझ्या पश्चात दोघींची, अर्धी अर्धी, लगेच. मुलीला डोक्यावर छप्पर लागणार आहे. कलम ४ कायम, पण साहेबांनी लक्षात घ्यावं की त्यांच्या किल्लीने एकच कुलूप निघेल. दुसऱ्यासाठी माझ्या मुलीला विचारावं लागेल.

बायकोने कागद वाचला, मेहुण्यांचं कलमसुद्धा, आणि मुलीला विचारलं, "बाकीची चार भोकं रिकामीच आहेत का गं?"

"आत्तापर्यंत होती. रात्रपाळीचा वेल्डर फाटकात भेटला. त्याने डबा उघडून दाखवला. आत कुलूप होतं."

हे सर्व मला वाचून दाखवलं, समजलं आणि मान्य आहे.

सही: (पक्कडकाका)

साक्षीदार १: खालच्या मजल्यावरचे शिंपी. चष्मा घरी विसरले होते, जाऊन घेऊन आले, मग सही केली.
साक्षीदार २: शेजारच्या निवृत्त शिक्षिका. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या, त्या दुरुस्त केल्या आहेत.
मुलीची सही घेतलेली नाही. साक्षीदाराला वारसा मिळत नाही, आणि तिला मिळायला हवा.

स्थळ: आमचं स्वयंपाकघर.
दिनांक: वकीलबाईंच्या शिक्क्यावर आहे तोच. झडपेला आज कुलपं दोन, उद्या सकाळी तीन.