कॉम्प्रेसर दुरुस्त, प्रवेश बाकी

रविवार, सात तारीख

तीर्थरूप मामांस नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे आणि सांगितलेले व्यायाम तुम्ही खरंच करता की नुसती चटई अंथरता, ते मामीच्या हस्ताक्षरात कळवावं.

आधी माझी चूक दुरुस्त करते. त्या काचेच्या इमारतीतल्या कॉलेजात शंभर टक्के मुलांना नोकरी लागते, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते शंभर टक्के शेवटच्या वर्षापर्यंत टिकलेल्यांपैकी निघाले. सुरुवातीला किती होते, असं मी खिडकीवरच्या बाईंना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला पाणी दिलं. माझ्या पत्राच्या भरवशावर तुम्ही फी भरायला तयार झालात, म्हणून हे कळवणं भाग आहे. (कॉलेज तुम्ही सुचवलंत, पण तुमचा दोष नाही. तुम्ही तिथे पार्सलं पोचवता, पण पार्सल आणणाऱ्याला फाटकाच्या आत सोडतच नाहीत.)

मग शुक्रवारी बाबांना घेऊन मी छापखान्यामागची सरकारी संस्था बघायला गेले. तिथे अभियांत्रिकी तंत्रज्ञानाची पदवी मिळते, म्हणजे कागदावरची गणितं थोडी कमी आणि यंत्रावर हात जास्त. फी पाचपट कमी. बाबांची हत्यारांची पिशवी तुम्हाला माहीतच आहे, पंप दुरुस्तीला नेतात तशी ते ती लग्नालाही नेतात. एक दिवस घरी ठेवा म्हटलं, तर बरं म्हणाले आणि घेऊन निघाले (आमच्या घरात ‘बरं’चा अर्थ तोच). दारातच कार्यशाळेचे मुख्य सर भेटले, कोपरापर्यंत काळे. पिशवी बघून म्हणाले, चार दिवस वाट बघतोय, आणि बाबांना थेट आत घेऊन गेले. आपण पालक आहोत एवढंच बाबांनी सांगायचं होतं. पण समोर झाकण उघडलेला कॉम्प्रेसर होता, आणि उघडं झाकण ओलांडून जाणं त्यांना आजवर जमलेलं नाही. सव्वा तास मी झेरॉक्सचे तीन संच छातीशी धरून उभी होते.

मला घाम फुटला तो वेगळ्याच कारणाने. हे वशिल्यात मोडलं तर? सरांना आम्ही कोण ते कळताच मी आधीच सांगून टाकलं की दुरुस्तीचा आणि माझ्या प्रवेशाचा काही संबंध नाही, हवं तर बाबा परत बिघडवून देतील. बाबांनी माझ्याकडे जे पाहिलं ते लिहीत नाही.

“पोरी, प्रवेश गुणांवर मिळतो,” सर म्हणाले. “कॉम्प्रेसर राहू दे.”

मग मी तोच प्रश्न विचारला. सरांनी पाणी दिलं नाही, वही काढली. चौसष्ट सुरू झाले, एक्कावन्न पूर्ण झाले. उरलेल्या तेरा नावांपुढे कारणं लिहिलेली. सात जणांपुढे ‘दिवसा काम’. त्यानंतर प्रात्यक्षिकं संध्याकाळी ठेवली, कार्यशाळेतच पगारी काम दिलं. पुढच्या तुकडीतून चारच सोडून गेले. त्यातल्या दोघांपुढे ‘गणित’ होतं, म्हणून आता शनिवारी जादा तास आहे. मला अक्षरओळख बाबांच्या दुकानातल्या स्क्रूच्या डब्यांवरून झाली. तेलाचे डाग पडलेलं ते पान मला माहितीपुस्तिकेपेक्षा खरं वाटलं.

बसथांब्यावर बाबांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, “इथली यंत्रं मळलेली आहेत.” याहून मोठं कौतुक त्यांच्याकडे नाही. आईने निघतानाच विचारलं होतं, तुला इंजिनीअर म्हणतील ना? मी सरांना विचारलं. ते म्हणाले, यंत्र चालू केलंस की म्हणतील. आईचं समाधान झालेलं नाही.

मामीला नमस्कार.

तुमची भाची

ता. क. सरांचा निरोप आला, कॉम्प्रेसर पुन्हा बंद पडला. बाबा उद्या जाणार आहेत. अजिबात वाईट वाटलेलं दिसत नाही.

आणखी ता. क. तुम्ही माझ्या फीसाठी पार्सलची गाडी विकायला काढलीत, गिऱ्हाईकही आलंय, हे मामीने आईला सांगितलं आणि मी दाराआडून ऐकलं (ऐकायला नको होतं, कबूल). मामा, गाडी विकू नका. पत्र एवढ्यासाठीच होतं, वरचं सगळं धीर गोळा करायला लिहिलं.

शेवटचं ता. क. तुमचा होकार आल्यावर ठरवीन, असं लिहिणार होते. ते खोटं झालं असतं. गुरुवारी, अकरा तारखेला, सकाळी दहाला खिडकी उघडली की छापखान्यामागच्या संस्थेत मी अर्ज भरणार आहे.