ठिपक्याच्या काचा

सोमवार, ३ मार्च

"शाब्बास!" म्हणाल्या. तिला! बाई म्हणाल्या – सगळ्यांदेखत, तिच्या खांद्यावर हात ठेवून. येऊन पुरते पाच महिने झाले नाहीत कार्टीला.

मी एकोणीस वर्षं बाईंच्या या प्रयोगशाळेत हाडांच्या काचा वाचतेय. एकोणीस! बाईंनी मला "बरंय", "चालेल", "पुढची घे" यापलीकडे काही म्हटल्याचं आठवत नाही. एकदा "हं, छान" म्हणाल्या होत्या. त्यावर मी आठवडाभर खूश होते.

आजपासून या वहीत तिचं नाव कौतुक. सगळ्यांच्या तोंडी तिचं तेच असतं, मग वेगळं नाव कशाला हवं?

झालं काय, तर कौतुकच्या मशीनवर हवे ते आकडे आले. बायकांचं वय झालं, इस्ट्रोजेन आटलं, की हाडातलं एक जनुक आरडाओरडा करायला लागतं आणि हाड खाणाऱ्या पेशींना बोलावून घेतं, असं तिचं म्हणणं. त्या जनुकाचं तोंड बंद करणारं इंजेक्शन तिने केलंय. अंडाशय काढलेल्या अठ्ठेचाळीस उंदीर माद्या. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. इंजेक्शनवाल्यांत जनुक गप्प झालं, असं आज मशीनने सांगितलं.

बरं मग? जनुक गप्प बसलं म्हणजे हाड वाचलं असं थोडंच आहे! ते मशीनला कळत नाही. त्यासाठी हाडाचा पातळ काप काचेवर घ्यावा लागतो, रंगवावा लागतो, आणि डोळ्यांनी मोजावा लागतो. म्हणजे शेवटी गाडी माझ्याच दारात येणार.

मंगळवार, ४ मार्च

आई सकाळी म्हणाली, "पोटात दुखतंय का तुझ्या?"

पोट ठीक आहे म्हटलं.

"मग ती नवीन मुलगी आली का परत ऑफिसात?"

आईचं कमरेचं हाड मोडलंय, जीभ शाबूत आहे.

गुरुवार, ६ मार्च

लाडाला काही सीमा! बाई हल्ली आलेली सगळी पत्रं कौतुकला मोठ्याने वाचायला लावतात. बाटलीवरची लेबलंसुद्धा. "वाच गं, तुझा आवाज बरा आहे." आज तर सहीचा कागद पुढे केला आणि बोटाने जागाही कौतुकनेच दाखवली! राणी आणि तिची दासी. नाही, दोघी राण्याच. दासी मी.

माझा आवाज काय कावळ्याचा आहे? मला कधी वाचायला सांगितलं नाही.

काम मात्र मला. अठ्ठेचाळीस काचा, काचेवर नुसता आकडा. कुठली इंजेक्शनवाली, कुठली पाण्याची, याची यादी लाखबंद पाकिटात बाईंच्या खणात. मी मोजायचं, बाईंनी वेगळं मोजायचं, एकमेकींचे आकडे बघायचे नाहीत. दोघींचे जुळले तरच खरे. हा नियम बाईंचाच. मोजायला मला त्यांनीच शिकवलं – हाड खाणाऱ्या पेशीला आम्ही 'खादाड' म्हणतो. लालजांभळी दिसते, हाडाच्या कडेला चिकटून. पोटात तीन केंद्रकं असतील तर मोजायची, दोन असतील तर सोडायची. आणि ते तिसरं बऱ्याचदा अर्धं लपलेलं असतं. तिथे कसब लागतं. त्या काळी बाई एका नजरेत सांगायच्या – "तीन. बघ नीट." बघितलं की तीनच असायची.

शनिवार, ८ मार्च

कौतुक घरी आली! आईला बघायला. न बोलावता.

आईला धरून व्हरांड्यात चार फेऱ्या मारून आणल्या. माझ्याबरोबर ती दोन फेऱ्यांत "पुरे गं बाई" म्हणते. मग दोघी बसल्या गप्पा मारत. आईने विचारलं, "तुझं ते औषध माझ्यासारखीला मिळेल का गं?" ती म्हणाली, "आजी, अजून फार लांब आहे ते. आधी ताईंच्या आकड्यांवर सगळं ठरायचंय. ताई म्हणतील तेच खरं."

गोड बोलून गळा कापणारी.

ती गेल्यावर आई म्हणते, "किती गुणाची पोर! सासरी नको पाठवायला अशीला." मी भांडी जरा जोरात घासली.

सोमवार, १० मार्च

मोजायला बसले. आणि सापडलं!

काही काचांच्या कोपऱ्यात, आकड्याच्या खाली, पेन्सिलीचा बारीक ठिपका आहे. सगळ्या अठ्ठेचाळीस चाळल्या. एकोणीस काचांवर ठिपका, बाकीच्या कोऱ्या. उगीच कोण ठिपके देईल? काप घेतले प्रयोगशाळेतल्या आमच्या काकांनी, पण काचा रंगवल्या कौतुकने. आपल्या लाडक्या इंजेक्शनवाल्या ओळखता याव्यात म्हणून तिनेच दिले असणार! लबाड! दिसायला साधी आणि आत ही कला.

बाईंना सांगायला हवं. लगेच सांगायला हवं.

मंगळवार, ११ मार्च

सांगितलं नाही.

बुधवार, १२ मार्च

हे फक्त या वहीत.

ठिपक्याची काच आली की मी जरा उदार होते. दोन केंद्रकं आणि तिसऱ्याची शंका – धर तीन. कोरी काच आली की कडक. तिसरं स्वच्छ दिसत नाही ना? सोड. खोटं काही लिहीत नाही. शंका आली तर ती कुठल्या बाजूला झुकवायची, एवढंच. इंजेक्शनवाल्यांत खादाड जास्त निघाले की इंजेक्शन फुकट! जनुक गप्प, आणि हाड तरी खाल्लं जातंय. मग द्या म्हणावं शाब्बासकी.

गंमत म्हणजे ठिपकेवाल्यांत खादाड तसेही जास्तच दिसतायत. कौतुकचं इंजेक्शन उलटलेलं दिसतंय! मी आपला थोडा हातभार लावला.

आज कितीतरी दिवसांनी भूक लागली.

शुक्रवार, १४ मार्च

संपलं. कागद पाकिटात घालून बाईंच्या टेबलावर ठेवला. "बरंय," म्हणाल्या. मान वर न करता.

सोमवार, १७ मार्च

काय लिहू?

बाई म्हणाल्या, परिषदेला गोषवारा पाठवायची आज शेवटची तारीख, तेव्हा पाकीट आजच उघडू, मी माझं मोजून मागाहून देते. हे नियमात बसत नाही. पी हळद आणि हो गोरी! पण माझी काय तक्रार असणार? कौतुकचं तोंड पडलेलं बघायला मी पुढची खुर्ची धरली होती.

पाकीट फोडलं. यादी कौतुकनेच वाचली, अर्थात. आकडा आणि गट, आकडा आणि गट. मी माझ्या कागदावर खुणा करत गेले. दहाव्या आकड्याला मी मागच्या खुणा पुन्हा तपासल्या.

ठिपक्याच्या काचा पाण्याच्या निघाल्या! एकोणिसातल्या सतरा.

म्हणजे मी ज्यांत खादाड वाढवले त्या औषध न मिळालेल्या. ज्यांत कमी केले त्या इंजेक्शनवाल्या. पाण्याच्या काचांत सरासरी एक्केचाळीस खादाड, इंजेक्शनवाल्यांत एकोणीस. निम्म्याहून कमी! असा निकाल या इमारतीत कोणी पाहिलेला नाही. टाळ्या. कौतुक रडायला लागली आणि सगळ्यांना सोडून मला येऊन मिठी मारली. "ताई, तुमच्यामुळे!"

हो गं बाई. माझ्याचमुळे.

मंगळवार, १८ मार्च

काप घेणाऱ्या काकांकडे गेले. सहज विचारल्यासारखं करत विचारलं, काका, ते ठिपके कसले?

काका हसायलाच लागले. "ताई, मलाच विचारता? तुम्हीच नाही का शिकवलंत? काप घेताना हाड फाटलं, दुसरा काप घ्यावा लागला, की कोपऱ्यात ठिपका द्यायचा. बारा वर्षं झाली, अजून देतो. या खेपेला जरा जास्तच फाटली बघा."

फाटणारच! औषध न मिळालेली हाडं ती. ठिसूळ. आईचं हाड मोडलं तसंच.

माझीच खूण आणि मलाच आठवली नाही. आठवायची इच्छा कुठे होती? मला ती पोर लबाड ठरायला हवी होती.

गुरुवार, २० मार्च

आता बाई मोजतील. बाईंची नजर! त्यांचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळणं शक्यच नाही. एक-दोन काचांत फरक पडला तर चालून जातं, अठ्ठेचाळीस काचांत एकाच दिशेला झुकलेला काटा बाईंना कळणार नाही? पहिल्या पाच काचांतच पकडतील.

त्या कॉरिडॉरमधून आल्या की मी सूक्ष्मदर्शकावर वाकते. आज नुसतं "डबा खाल्लास का?" विचारलं तर मी "नाही, मी नाही" म्हणाले. चोराच्या मनात चांदणं.

शुक्रवार, २१ मार्च

एक संच बाईंकडे मोजायला गेलाय, पण त्याच हाडांच्या काचांचा दुसरा संच माझ्याकडे आहेच. काकांना म्हटलं, आकडे आणि कोपरे कागदाच्या पट्ट्यांनी झाका आणि पिसून द्या. "कशासाठी?" "डोळे तपासायचेत माझे." खोटं नव्हतं ते.

दिवसभर मोजलं. तीन असतील तर तीन, नसतील तर नाही. मान मोडून आली. पण चौथ्या-पाचव्या काचेनंतर कौतुक डोक्यातून गेली, बाई गेल्या, नुसतं हाड राहिलं. हे काम मला आवडतं हेच मी विसरले होते.

पट्ट्या काढून गट लावले. पाण्याच्या एकतीस. इंजेक्शनवाल्या सव्वीस.

फरक आहे! पोरीचं म्हणणं खरं आहे. पण टाळ्यांचं नाही. शंभराला सोळा कमी. बरं आहे, पुढे बघायला हवं – एवढंच. त्यावर कोणी मिठ्या मारत नाही.

शनिवार, २२ मार्च

कौतुक आज पुन्हा आली. परिषदेचं उत्तर आलंय, तिला मंचावर बोलायला बोलावलंय. आईला सांगत होती, "आजी, आता माणसांवर चाचणी करायला परवानगी मागता येईल म्हणतात. लवकर."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस? तुझी आई पहिली जाऊन उभी राहील रांगेत. वॉकर घेऊन!"

दोघी हसल्या. मी आत निघून आले.

माझ्या पोटदुखीपायी माझ्याच आईला सुई टोचायची वेळ यायची! खरे आकडे लिहिलेला कागद पर्समध्ये आहे. कौतुक घरात असताना चार वेळा चेन उघडली आणि चार वेळा लावली. एकोणीस वर्षांत माझ्याकडे एकच गोष्ट कमावलेली आहे, माझी नजर. तिच्यावरचा विश्वास गेला की मी तिथे कोण? काचा धुणारी.

आणि खरं सांगायचं तर अजूनही जळतेय. ती मंचावर उभी राहणार म्हणून. तो निकाल खोटा आहे हे माहीत असूनही!

सोमवार, २४ मार्च

बाईंनी अजून आकडे दिले नाहीत. ठरवलं – त्या विचारतील तेव्हा सगळं कबूल करायचं. त्या विचारणार हे नक्की. आपण होऊन बोलायचं धैर्य नाही, पण विचारल्यावर खोटं बोलायचं नाही. तेवढं तर जमेल.

मंगळवार, २५ मार्च

बाईंचे आकडे आले. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस माझ्याशी जुळतात. माझे त्रेचाळीस, त्यांचे बेचाळीस. माझे अठरा, त्यांचे एकोणीस. माझ्या त्या आकड्यांशी! मोठं मोठं अक्षर, ओळी वर चढत गेलेल्या, दोन आकडे एकावर एक पडलेले.

बाईंना दिसत नाही. मग ती पत्रं, ती लेबलं, ते सहीच्या जागेवरचं बोट – लाड नव्हते ते. केव्हापासून दिसत नसेल? कुणाला म्हणून सांगितलं नाही त्यांनी. माझा कागद जवळ धरून एकेक आकडा उतरवला असेल, इकडेतिकडे एकाने बदलून.

आणि खाली, कागदाच्या कडेबाहेर जाता जाता राहिलेलं – "तुझी नजर अजून तशीच आहे. शाब्बास."

पोरीला फोन केला. म्हटलं, उद्या सकाळी लवकर ये, काचा घेऊन बसू. आधी तुला काही सांगायचंय, मग आपण दोघी जाऊ बाईंकडे.