हंबरडा आईचा नव्हता

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझ्या कथेत कुणी नुसतं ‘म्हणालं’ की तुमचा चिडका आवाज कानात येतो. “म्हणाला, म्हणाली! भाषेचं दारिद्र्य आहे हे,” असं बजावून तुम्ही फळा भरून टाकायचात: उद्गारला, पुटपुटला, खेकसला, गरजला. मग काय, आम्हा शहापूरच्या पोरांच्या निबंधात पोस्टमनसुद्धा पत्र देताना गरजू लागला. तुम्ही खूश.

नववीत मी आईवर लिहिलं. भाताचा रोवणा चालू आहे. काका बांधावर येऊन आईशी दोन शब्द बोलून जातात. मी बांधीतल्या चिखलात पऱ्ह्यांच्या, म्हणजे भातरोपांच्या, पेंड्या टाकतेय. आई वाकलेलीच, हात थांबत नाहीत. “तुझा मामा गेला. एवढी बांधी होऊ दे, मंग निघू.” उपटलेले पऱ्हे ठेवले तर वाळतात, आणि बाया मजुरीने आलेल्या. तिचा एकुलता एक भाऊ होता तो. जेवताना मीठ मागावं तसा तिचा आवाज होता, आणि त्या आवाजानेच मी घाबरले होते. म्हणून लिहिलं, ‘आई म्हणाली’.

तुम्ही ते खोडून ‘आईने हंबरडा फोडला’ केलंत. मला न विचारता वार्षिकांकात छापलंत, वर संमेलनात अख्ख्या गावासमोर वाचून दाखवलंत. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. घरी आल्यावर आई म्हणाली,

“मी कई हंबरडा फोडला वं? माह्या भावाचं दुःख मी कोणाले दाखवलं नाही, अन् तू गावाले दाखवलं.”

“सरांनी बदललं, आई.”

“नाव तं तुझंच हाये ना खाली.”

त्यानंतर तिने मला मनातलं काही सांगितलं नाही. विचारलं की एकच उत्तर, “कायले पायजे? लिहाले?” शेवटच्या आजारपणातही तेच. याचा राग मला अजून आहे, सर, आणि तो तुमच्यावरच आहे. परवा भंडाऱ्यात तुमच्या आठवणी सांगायला मला बोलावलं होतं. मी गेले नाही.

आता आईवर पुन्हा लिहायला बसलेय. ‘आई म्हणाली’ असंच लिहिलंय. तुम्ही असतात तरी हे पत्र मी टाकलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू द्यायची नाही. डोळे मिटून ती दुपार आठवते, तेव्हा आईचा तो आवाज आता येतच नाही. हंबरडाच ऐकू येतो.