ठकूचं माप

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
ही दुपारच्या बसने माहेरी गेली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन. ठकूचंही कालच झालं, त्यामुळे यापुढे कपाटात पिल्लं नाहीत. ठकू हे हिचं मांजर. माझा संबंध फक्त दूध आणण्यापुरता.
डॉक्टरीणबाईंच्या सूचना: दहा दिवस गळ्यात प्लास्टिकचा कर्णा. टाके चाटू द्यायचे नाहीत. उड्या नाहीत. अर्धी गोळी दोन वेळा.
बसच्या पायरीवरून ही म्हणाली, जे हात पसरून सरळ उभं राहील आणि माप देईल, तेवढ्याचीच काळजी तुम्हाला घेता येते. चोवीस वर्षं बघतेय. निदान हिचा एक टाका उसवू देऊ नका.
मी तिची पिशवी वर चढवून दिली. दहा दिवसांनी टाकेच बोलतील.
टाके पाहिले. सहा. चौथा सैल वाटला. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवू नयेत, म्हणून फक्त इथे लिहितो.

५ फेब्रुवारी, सकाळी ६
ठकू कर्ण्यासकट दाराच्या चौकटीला तीनदा धडकली. मन द्रवलं. तीस वर्षं शिवणकामात लोकांना कॉलर बसवतोय. ही कॉलर नव्हे. काढली आणि तिला घेऊन देवासमोर बसलो. जप संपेपर्यंत मांडीवरून हलली नाही. माझ्या गळ्यातली मापाची टेप तेवढी मधूनमधून ओढली जात होती. मुक्या जिवालाही भक्ती कळते. मी डोळे उघडले नाहीत.
ठराव: कर्णा बंद. ठकूला अंगभर कपडा शिवायचा. पोट झाकलं की चाटेल काय?

दुपारी
पाण्याच्या वाटीत पत्र्याचा चपटा तुकडा सापडला. कर्ण्याचाच असणार. हल्ली कुणाच्या कामात सफाई राहिली नाही.
हिचा फोन. कर्णा आहे ना? गळ्याकडे माझं लक्ष आहे, म्हणालो. यात खोटं काही नाही.

६ फेब्रुवारी
माप घेतलं. छाती साडेतेरा. दिसायला एवढी वाटत नाही. पण गावच्या शाळेत गुरुजींनी पट्टीवर विश्वास ठेवायला शिकवलंय, डोळ्यांवर नाही.
दुकानात बँकेतले साहेब कोटाचं माप देऊन गेले. मागच्या कोटापेक्षा सगळीकडे दोन इंच वाढलेत. बाह्यासुद्धा. रात्रीचं जेवण सोडा, असं हितचिंतक म्हणून सुचवलं. साहेबांनी पोटाकडे पाहिलं.
गोळी दिली. ती माझ्या चपलेत सापडली. पुन्हा दिली.

८ फेब्रुवारी
कपडा तयार. नेहमीसारखा टेबलावरच्या लाकडी फुटपट्टीने बेतला. आतून मऊ अस्तर, पाठीवर चार बटणं. दुकानात काज-बटण करणारी मावशी म्हणाली, मास्तर, डॉक्टरांनी नरसाळं दिलंय, ते ठेवा की गळ्यात. मी हसलो.
ठकू अकरा मिनिटांत बाहेर. बटणं लावलेलीच. मावशी म्हणाली, गिऱ्हाईक गेलं, सदरा उभा आहे.
तिच्या मते दोन इंच आत घ्यायला हवा. माप म्हणजे माप, असं तिला समजावलं. दोष कापडाचा. उद्या दुसरं.

९ फेब्रुवारी
दुसरा कपडा. नऊ मिनिटं. दोष ठकूच्या स्वभावाचा.

१० फेब्रुवारी, सकाळी ७
जपात चप चप आवाज. नळ गळतोय असं समजून चित्त ढळू दिलं नाही. माळ पूर्ण केली, मग डोळे उघडले. कपडा एकीकडे, ठकू एकीकडे. एक टाका उसवलेला. चौथा! मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.
हात आपोआप सुईच्या डबीकडे गेला. तेवढ्यात मावशी दुकानाची किल्ली न्यायला आली. तिने डबी हिसकावली आणि म्हणाली, अहो मास्तर, ती उशीची खोळ आहे का?

सकाळी १०
डॉक्टरीणबाईंनी कर्णा कुठे म्हणून विचारलं. कपडा दाखवला. त्यांनी तो उलटापालटा करून बराच वेळ पाहिला. शिलाई फार सुबक आहे, म्हणाल्या. मग त्यावरच हात पुसले. नवा टाका घातला, निळ्या दोऱ्याचा. बाकीचे काळे. रंगसंगतीबद्दल बोललो नाही. कर्णा लावला. आजपासून पुन्हा दहा दिवस मोजा, म्हणाल्या.
परतताना ठकू पिशवीत थरथरत होती. तिला थंडी वाजत असावी. माझा मफलर तिच्यावर टाकला.

११ फेब्रुवारी
हिला फोन केला. म्हटलं, घाई नको, आईजवळ आणखी आठवडाभर राहा, इथलं सगळं मी बघतो.
 हिने एवढंच विचारलं, कितवा टाका?
चौथा, म्हणालो.

१३ फेब्रुवारी
साहेब कोट न्यायला आले. घालून पाहिला, तर खांदे उतरलेले, बाह्यांत बोटं दिसेनात. त्यांनी आठवडाभर रात्रीचं जेवण सोडलं होतं म्हणे. मास्तर, तुमच्यामुळे दोन इंच उतरलो, म्हणून माझा हात धरला. डोळे खोल गेलेत त्यांचे. पण तेज आहे.
चार दिवस जमिनीवर गादी टाकून ठकूजवळ झोपतोय. कर्णा काढलेला नाही. गोळी पोटात जाते.

१४ फेब्रुवारी, दुपारी
ही आली. ठकूला उताणी धरून टाके मोजले. सहा. निळ्यावर बोट ठेवलं. मग जमिनीवरची गादी पाहिली.  मला वाटलं, आता बोलेल.
तिने झाडू घेतला. देवाच्या चौरंगाखालून टेपचा तुकडा निघाला. चावलेला. त्यावर एक आणि दोन हे आकडे. हिने माझ्या गळ्यातली टेप काढून तुकडा तिच्या टोकाला लावला. तंतोतंत बसला. माझी टेप तीनपासून सुरू होत होती.
जोडलेल्या टेपने ठकूचं माप हिनेच पुन्हा घेतलं. साडेअकरा. ठकूने कर्ण्यासकट सरळ उभं राहून दिलं, हललीसुद्धा नाही.
मग हिने विचारलं, या आठवड्यात आणखी कुणाचं माप घेतलंत?
साहेबांचं सांगितलं. जेवणाचंही.
ठकूचं मी बघते, ती म्हणाली. तुम्ही आधी जाऊन त्या माणसाला जेवायला सांगा. आणि टेप इथेच ठेवून जा.