उरलेला नट

दि. ६ फेब्रुवारी

चि. छकुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. माझ्यासाठी मागची खोली रंगवलीस, जावईबापूंनी खिडकीला जाळी बसवली, सगळं कळलं. पण हातातली मोटारसायकल पुरी केल्याशिवाय वर्कशॉपला कुलूप कसं लावू? साठ वर्षांची म्हातारी आहे ती. तिचे मालक घड्याळवाले दर सोमवारी येतात, ट्रेमधल्या सुट्या भागांकडे बघतात आणि चहाही न घेता जातात. कार्बोरेटरचं पॅकिंग मिळत नाही, असं मी त्यांना सांगतो.

तुझी आई जाऊन आठ महिने झाले. अजून काम करताना पान्यासाठी हात मागे जातो आणि तसाच रिकामा राहतो. बाकी ठीक.

लोभ आहेच, माझं पत्र उशिरा आलं तरी तो कमी करू नकोस.

तुझे बाबा

दि. १९ फेब्रुवारी

ती. बाबांना, सा. न. वि. वि.

थापा मारणं तुम्हाला कधीच जमलं नाही. ते पॅकिंग मीच डिसेंबरात पाठवलं होतं. घड्याळवाल्या काकांचा फोन आला होता. सगळे भाग धुऊनपुसून तयार आहेत, फक्त जोडायचे राहिलेत, म्हणाले. रागावले नव्हते, पण सत्तरी उलटलेल्या माणसाने किती थांबायचं?

कारण मला ठाऊक आहे. तुम्ही गाडी उघडायचात आणि आई स्टुलावर बसून प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधायची, कुठून काढला ते लिहून. ही तिच्या हातची शेवटची गाडी. भाग बसवायचा तर चिठ्ठी कापावी लागणार. बाबा, कापा. फेकू नका, मला पाठवा. पत्रं नेहमी तुम्हीच लिहायचात, ती खाली नुसती सही करायची. माझ्याकडे तिचं अक्षर नाही. मलाही तिची आठवण येते, हे तुम्ही विसरता.

जेवणाची हयगय करू नका, आणि माझ्यावरची माया आहे तशीच असू द्या.

तुमची छकुली

दि. १४ मार्च

चि. छकुलीस, अ. आ.

चुकलो. सोबत पुडक्यात सगळ्या चिठ्ठ्या आहेत. एकीवर 'डावा, वरचा, तुमच्यासारखा हट्टी' असंही सापडेल.

गाडी जोडून झाली आणि ट्रेमध्ये एक नट उरला. त्याच्या चिठ्ठीवर ऑइल सांडलेलं, अक्षर दिसेना. चाळीस वर्षं गाड्या जोडणाऱ्या मेकॅनिकच्या हातून नट उरावा, ही केवढी नामुष्की. मी इंजिन पुन्हा उघडलं. जोडलं. परत उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. शेवटी चिठ्ठी पेट्रोलमध्ये धुतली. पेन्सिलीने लिहिलेलं, म्हणून टिकलं होतं. 'हा कुठलाच नाही. बघू या, किती वेळा उघडता ते.'

मी मोठ्याने हसलो आणि तिला सांगायला स्टुलाकडे वळलो.

काल घड्याळवाले गाडी चालवत घेऊन गेले. मी रविवारी येतो. ती एक चिठ्ठी पुडक्यात नाही, माझ्या खिशात आहे. गाडी दोनदा उघडली. तुझ्या आईला सांगता येत नाही, म्हणून तुला कळवलं.

भेटीपर्यंत लोभ धरून ठेव.

तुझे बाबा