राणीच्या तोंडचं वाक्य

४ ऑक्टोबर

— आणि मी ‘मला एकटं सोडा’ एवढं वाचेपर्यंत राणीचं दालन रिकामं होऊन पुन्हा भरलंसुद्धा! आई म्हणाली, ‘भराभर वाच की. बातम्या देतेयस का?’

तिला टीव्हीवर आता नुसते रंग दिसतात. मालिकेची भाषा परकी. म्हणून खाली येणाऱ्या मराठी ओळी मी मोठ्यानं वाचायच्या. राजघराण्याची कथा, शेवटचा हंगाम, रोज एक भाग. ओळींचं मराठी म्हणजे शिक्षा. आज एक सरदार राणीला म्हणतो, ‘आपल्या नुकसानीबद्दल मी दिलगीर आहे.’

आई : ‘बाप गेलाय तिचा. दुकान जळालंय का?’

५ ऑक्टोबर

मावशी रविवारी जाणार. खालच्या मजल्यावर खोकी बांधणं चाललंय. मुलाकडे, विमानानं, कायमची. आईला सांगितलं. ‘जाऊ दे.’

बाबा गेल्यावर आवराआवर करताना मावशीनं त्यांचा रेडिओ भंगारात दिला. विचारलं नाही. तेव्हापासून एका जिन्याच्या दोन टोकांना दोघी बहिणी, आणि मधे मी. टपाल! आई म्हणते, ‘मी मोठी आहे. तिनं यावं.’ मावशी म्हणते, ‘मोठी आहे ना? मग मोठेपणा दाखव म्हणावं.’

६ ऑक्टोबर

मालिकेतही राणीचं धाकट्या बहिणीशी बिनसलंय. कारण एक घोडा. धाकटीनं परस्पर देऊन टाकला. आई अर्थातच राणीच्या बाजूनं. ‘विचारायला तोंड नव्हतं तिला?’

घोडा काय, रेडिओ काय.

७ ऑक्टोबर

घसा बसला. वाचलं नाही. आईनं नुसते आवाज ऐकले. वर म्हणते, सगळं कळलं!

८ ऑक्टोबर

शेवटून दुसरा भाग. धाकटी आजारी. राणीच्या दाराबाहेर खुर्चीत बसलेली. राणी सचिवाला काही सांगते. खाली ओळ आली : ‘त्यांना सांगा, मी झोपले आहे.’

मी वाचलं : ‘तिला आत घेऊन या.’

आईनं कान टवकारले. मग —

‘खोटं.’

‘काय खोटं?’

‘ओठ आवळून कोणी आत बोलावतं होय? दार लावून घेणाऱ्या बाईचा आवाज आहे तो. मला नको शिकवूस.’

मग होतं तेच वाचलं. आई पुटपुटली, ‘बया! किती ताणायचं ते. बहीण बाहेर बसलीय.’

माझा तोल गेला. ‘राणीला काय सांगतेस? खाली जाऊन स्वतःला सांग! उद्या ती चालली!’

‘बंद कर ते.’

बंद केलं. म्हणाली, शेवटचा भाग लावायचाच नाही. इतके हंगाम घशाला कोरड पाडून घेतली ती याच्यासाठी?

९ ऑक्टोबर

सकाळी उठले तर आई घरात नाही. काठी कोपऱ्यात. धावत जिना उतरले. मावशीच्या दाराशी दोन चपला — एक आईची, एक माझी; चाचपून हाताला लागल्या त्या घातलेल्या. आत टीव्हीवर शेवटचा भाग, राणीचा आवाज, आणि त्यावर मावशी अडखळत वाचतेय. मी दार वाजवलं. आई आतूनच म्हणाली, ‘तू नको. ही आहे तसं वाचते.’