आबांची काबुली घोंगडी

धार, भाद्रपद वद्य दशमी, सन १९१२

प्रिय बळवंता,

तुझ्या पत्रावर लाखेच्या पाच मोहरा होत्या. त्या फोडताना माझा अडकित्ता मोडला. देवासला धाकट्या पातीच्या महाराजांच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्याने सख्ख्या बहिणीला खलिता धाडावा आणि तिने तेव्हापासून सुपारी दातांनी फोडावी, हा कुठला न्याय? दाढ ठणकते आहे. त्या भरात लिहिते. गोड लागणार नाही.

मजकूर वाचून मात्र दाढही विसरले. दसऱ्याला बडी मंडळी घरी बोलावून तू शस्त्रपूजा मांडणार, आबांच्या काबूलच्या पराक्रमावर बोलणार, आणि त्यांनी पठाण सरदाराला लोळवून हिसकावलेली घोंगडी मी टपालाने पाठवायची! आबांची म्हणून मांडणार ती तलवार तू महूच्या बाजारातून आणलीस तेव्हा मी टांग्यात बसले होते रे. आपले वडील फौजेचं सामान वाहणाऱ्या खेचरांवरचे मुकादम. काबूलच्या लढाईत त्यांनी हाणली ती खेचरंच.

घोंगडी मात्र खरी. आठवते? थंडीत आपण दोघं एका फाटक्या गोधडीत, आणि ती देव्हाऱ्याखाली घडी घालून. हात लावलास म्हणून तू मार खाल्लास, वळ मी शेकले. दसऱ्याला लोक तलवारी पुजायचे. आबा घोंगडीला हळदकुंकू वाहून म्हणायचे, पुढच्या साली खातेगावला जाऊ. का, ते विचारायची सोय नव्हती. देवाघरी जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. त्या लढाईत, बर्फात, ते तापाने फणफणले होते. जोडीदार दत्ताजीने आपली घोंगडी त्यांच्या अंगावर टाकली. सकाळी आबा उठले, दत्ताजी उठला नाही. त्याच्या बायकोसमोर उभं राहायची हिंमत आबांना तीस वर्षांत झाली नाही. काबूलहून जिवंत आलेला माणूस खातेगावला घाबरला! कर यावर भाषण.

मीही मोठी शहाणी नाही. ते गेल्यावर दोन दसरे मीच हळदकुंकू वाहिलं. तुझं पत्र नसतं तर तिसराही तसाच गेला असता.

तेव्हा घोंगडी येणार नाही. उत्तराला उशीर झाला तो यासाठी: इंदूरपर्यंत टांगा, पुढे बैलगाडी, असं करत खातेगावला जाऊन आले. दत्ताजीची जमुनाबाई अजून आहे, डोळ्यांनी अधू. काठावरची शिवण तिने बोटांनी चाचपली. लग्नाच्या साली तिनेच घातलेली. “इत्ते बरस लगा दिए, बाई?” एवढंच म्हणाली. घोंगडी उराशी धरून आत गेली आणि दार लावून घेतलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. बरं केलं.

तुझीच, दाढ धरून बसलेली,
सगुणाक्का